कूपरस्टाउनच्या भिंतीवरची पाटी

न्यूयॉर्कला गेलो तो बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठ पाहायला. ते डोळे भरून पाहिले, तरी भाच्याची दोन दिवस रजा शिल्लक होती. म्हणाला, "मामा, आता माझ्या आवडीचं गाव दाखवतो." सोबत त्याच्या ऑफिसातला एक अमेरिकन मित्र. मोटारीने चार तासांचा रस्ता, आणि चारही तास दोघे भांडत होते. विषय एकच: बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये कोणाची पाटी लागली पाहिजे.

पीट रोझने ४,२५६ हिट मारले. इतके आजवर कोणाचेच नाहीत. पण आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्या म्हणून १९८९ मध्ये त्याला खेळातून कायमचे काढले. २०२४ मध्ये तो वारला आणि २०२५ मध्ये बंदी उठली. मित्र म्हणे, आकडे बोलतात. भाचा म्हणे, चारित्र्य नको का? मग बॅरी बॉन्ड्स, त्याचे ७६२ होमरन आणि उत्तेजक औषधांचा संशय. मी मागच्या सीटवर ऐकत होतो.

गाव लहान, वस्ती दोन हजारांच्या आत. ऑट्सेगो तलावाच्या काठी झाडीत वसलेले. ससक्वेहाना नदी इथूनच निघते. मुख्य रस्त्यावर बॅटी, टोप्या आणि खेळाडूंचे फोटो विकणारी दुकाने. १८३९ मध्ये डबलडे नावाच्या गृहस्थाने इथेच बेसबॉल शोधला अशी दंतकथा होती. तिच्या शंभरीला, १९३९ मध्ये, हे संग्रहालय उघडले. पुढे इतिहासकारांनी ती कथा खोटी ठरवली, पण इमारत उभीच राहिली. अशा इमारती आपल्याकडेही कमी नाहीत म्हणा!

आत एका लांब दालनात ब्राँझच्या पाट्या. प्रत्येक पाटीवर चेहरा आणि खाली कामगिरी. निवड मतदानाने होते. दहा वर्षे सभासद असलेले बेसबॉलचे पत्रकार मते देतात, ७५ टक्के मिळाली की पाटी लागते. उमेदवार मोठ्या लीगमध्ये किमान दहा हंगाम खेळलेला असावा.

हा दहा हंगामांचा नियम वाचला आणि माझे पाय थांबले. मी कारकून माणूस. नियम वाचला की तो कोणाला बाहेर ठेवण्यासाठी उपयोगी पडतो हे आधी पाहायची सवय. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघात आला, तोवर विसाव्या शतकात मोठ्या लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीयाला उघडपणे खेळू दिले नव्हते. त्यांच्या वेगळ्या निग्रो लीग होत्या. जॉश गिब्सन हा त्यांतला महाबली फलंदाज. १९४७ च्या जानेवारीत, रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्याआधी तीन महिने, तो ३५ व्या वर्षी वारला. त्याने दहा हंगाम कुठून आणायचे? सॅचेल पेज चेंडू फेकण्यात अद्वितीय. त्याला मोठ्या लीगमध्ये घेतले तेव्हा त्याचे वय ४२ होते.

१९६६ मध्ये टेड विल्यम्स या नावाजलेल्या गोऱ्या खेळाडूने आपल्याच सत्काराच्या भाषणात या दोघांची नावे घेतली आणि त्यांनाही इथे जागा मिळावी असे बोलून दाखवले. १९७१ मध्ये पेजची निवड झाली, पण आधी ठरले होते की या मंडळींच्या पाट्या वेगळ्या भागात लावायच्या. म्हणजे पाणी तेच, पाणवठा वेगळा! वर्तमानपत्रांनी आणि खेळाडूंनी ओरड केली, तेव्हा पेजची पाटी याच दालनात आली. पुढच्या वर्षी गिब्सनची.

"पण मामा, त्यांच्या लीगच्या नोंदीच नीट नव्हत्या," भाचा म्हणाला. नोंदी होत्या. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत सामन्यांचे निकाल छापून येत. अभ्यासकांनी वर्षानुवर्षे जुने अंक चाळून आकडे गोळा केले. २०२४ मध्ये मोठ्या लीगने ते आपल्या दफ्तरी घेतले, तेव्हा गिब्सन सर्वांच्या वर निघाला: दर हजार संधींमागे ३७२ हिट. त्याआधी पहिला असलेल्या टाय कॉबचे ३६७. तोपर्यंत गिब्सनला जाऊन ७७ वर्षे झाली होती.

बक ओ'नील यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खेळाडू, व्यवस्थापक, १९६२ मध्ये मोठ्या लीगमधले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक. २००६ मध्ये निग्रो लीगच्या काळातली १७ नावे एकदम निवडली गेली, त्यांत ओ'नील नव्हते. तरी त्या समारंभाला हा ९४ वर्षांचा म्हातारा आला. ज्यांना निवडले त्यांच्या वतीने बोलला, सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावून गाणे म्हणायला लावले. दोन महिन्यांनी वारला. पाटी लागली २०२२ मध्ये.

त्याच वर्षी लागलेली दुसरी पाटी बड फाउलरची. हा याच गावात वाढला. १८७८ पासून पैसे घेऊन खेळणारा पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक. गोरे सोबती खेळायला नकार देत, म्हणून एका संघातून दुसऱ्या संघात भटकला. पोटासाठी न्हावीकामही केले. १९१३ च्या फेब्रुवारीत याच राज्यात कंगाल अवस्थेत वारला. थडग्यावर नावाचा दगड बसायला १९८७ उजाडले. १९१३ च्याच जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले होते, हे मी त्या मित्राला सांगितले. तो काही क्षण पाटीकडे पाहत राहिला.

बाहेर मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला आता फाउलरचे नाव आहे. आम्ही तिघे त्या रस्त्याने चालत गाडीकडे गेलो. गाडी सुरू झाली तशी दोघांनी पुन्हा पीट रोझला धरले. मी विचारले, "फाउलरचे एकूण हिट किती?"

"सगळे सापडलेले नाहीत," मित्र म्हणाला.