पेडर रोडचा चढ

मॅरेथॉन धावणाऱ्याला शहर दिसत नाही. आमच्या साताऱ्यातला एक मित्र, पेशाने दंतवैद्य, मुंबई मॅरेथॉन धावून आला की मी त्याला विचारायचो, पहाटेचा मरीन ड्राइव्ह कसा दिसतो रे? त्यावर उत्तर ठरलेलं : तिथे डाव्या हाताला पाण्याचं टेबल होतं. हाजी अली म्हणजे पोटरीत गोळा आला ती जागा. बेचाळीस किलोमीटरचा त्याचा नकाशा असा. म्हणून एका जानेवारीत तो आणि आमची एक मैत्रीण निघाली, तेव्हा मीही निघालो. टाळ्या वाजवायला आणि मुंबई बघायला. मैत्रीण गणित शिकवते आणि अर्धी मॅरेथॉन धावते. पूर्ण का नाही, असं विचारलं की म्हणते, निम्म्यात उत्तर मिळत असेल तर पुढची आकडेमोड कशाला?

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची ही शर्यत २००४ पासून चालू आहे. पूर्ण मॅरेथॉनवाले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटतात, अर्धीवाले माहीमहून. मैत्रीण अपरात्रीच माहीमला गेली. मी टर्मिनससमोर अंधारात उभा राहिलो आणि पहिल्यांदाच ती इमारत मान वर करून सावकाश पाहिली. एरवी तिथे मान वर करणाऱ्याला मागचा माणूस ढकलतो. १८८७ सालचं हे स्टेशन फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलं. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. दोन्ही दिव्यांत उजळलेल्या, मधल्या रस्त्यावर एकही बस नाही, हॉर्न नाही, फक्त हजारो बुटांचा आवाज आणि मधूनच उठणारा 'गणपती बाप्पा मोरया'.

आमच्या मित्राला गाठायचं म्हणून मी आडवा चालत निघालो. धावणारे नरिमन पॉइंटला वळसा घालून मरीन ड्राइव्हला येईपर्यंत बघ्याला भरपूर वेळ मिळतो. ओव्हल मैदानाच्या कडेने जाताना एका बाजूला राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाच्या टोकदार कमानी, दुसऱ्या बाजूला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन काळ मैदानाच्या आरपार एकमेकांकडे बघत उभे आहेत. २०१८ साली युनेस्कोने या दोन्हींना मिळून जागतिक वारशात घेतलं, ते योग्यच झालं. एकीशिवाय दुसरीची गंमत कळत नाही.

मरीन ड्राइव्हला मित्र आला आणि गेला. मोजून दहा सेकंद. हात वर केला, हसला, पुढच्या पाठीत मिसळला. त्यासाठी मी साताऱ्याहून आलो होतो! पुढची भेट काही तासांनी, परतीच्या वाटेवर. प्रेक्षकाच्या वाट्याला आलेला हा मधला मोकळा वेळच मला आवडला. गिरगाव चौपाटीवर टिळकांच्या पुतळ्याशी थांबलो. १९२० च्या ऑगस्टमध्ये लोकमान्यांना इथे, या वाळूत अग्नी दिला होता. गावदेवीत मणिभवन बंद होतं. बाहेरूनच त्या लाकडी गॅलऱ्या बघितल्या. गांधीजींचा मुंबईतला मुक्काम इथे असायचा. टिळकांपासून गांधींपर्यंत मी रमतगमत चालत आलो. इतिहासाला तेवढं अंतर पार करायला किती यातायात पडली!

उजाडता उजाडता पेडर रोडला पोहोचलो. मुंबई मॅरेथॉन ऐकायची असेल तर इथेच. चढ म्हणाल तर साताऱ्याच्या माणसाला हसू येईल. आम्ही यवतेश्वरच्या घाटात सराव करणारे. त्या घाटावर आमची स्वतःची हिल हाफ मॅरेथॉन भरते. पण यवतेश्वर ताज्या पायांनी चढायचा असतो आणि पेडर रोड परतीच्या वाटेवर पस्तीस किलोमीटर झाल्यावर. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतं. त्यात मुंबईची दमट हवा. साताऱ्याच्या कोरड्या थंडीत तयार झालेल्या माणसाचा घाम इथे वाळतच नाही.

अर्धीवाले आले आणि रस्ता पेटला. माझा आवाज मात्र फुटेना. आमच्याकडे अनोळखी माणसाला ओरडून शाब्बासकी द्यायची पद्धत नाही. मान हलवली की झालं. शेजारी एक आजी स्टुलावर बसून संत्री सोलत होत्या. त्यांनी माझ्या हातात फोडींचं ताट दिलं आणि म्हणाल्या, "नुसते उभे काय राहता? छातीवर नाव असतं, ते वाचा की." खरंच, प्रत्येकाच्या बिबवर नाव छापलेलं. मग काय, मी नावं घेऊन ओरडत सुटलो. साठीचे गृहस्थ, कॉलेजची पोरं, साडी नेसून धावणाऱ्या बाई. नाव ऐकलं की माणूस दचकतो, शोधतो आणि दोन पावलं जोरात टाकतो. मैत्रीण आली तेव्हा तिच्या आधीच्या पाचजणांसाठी ओरडून माझा घसा बसला होता. तिला फोड देता आली, तेवढं खरं.

सगळं काही गोडच होतं असं नाही. दोरीपलीकडे एक दूधवाला कॅन घेऊन खोळंबला होता. दोन झुंडींमधली फट हेरून पोलिसाने त्याला रस्ता ओलांडू दिला. आमच्या उत्सवाची किंमत अशी दुसराच कोणीतरी मोजतो, आणि त्याच्या नावाने कोणी ओरडत नाही.

पुढे आघाडीचे धावपटू गेले. इथला विक्रम इथिओपियाच्या हायले लेमीचा, २०२३ सालचा, दोन तास सात मिनिटं बत्तीस सेकंद. त्यांना आपल्या टाळ्यांची गरज नसते. गरज असते ती पाचव्या तासाला. माझ्या दंतवैद्य मित्राला मी प्रभुकुंज इमारतीच्या आसपास पाहिलं, तेव्हा तो चालत होता. यवतेश्वरचा वाघ खाली मान घालून चालत होता! मी त्याच्या नावाने जिवाच्या आकांताने ओरडलो. त्याने बघितलंही नाही. आजींनी पुढे केलेली फोड मात्र बरोबर उचलली.

संध्याकाळी, परतीच्या गाडीत, त्याला विचारलं, पेडर रोडला काय आठवतं? म्हणाला, "एक आजी. आणि एक मूर्ख माणूस, जो पंचविसाव्या किलोमीटरपासून सांगत होता की थोडंच राहिलंय." तो मूर्ख मी नव्हतो, हे नशीब. अंतरावरून एक आठवलं : मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर कशाला, तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायची होती म्हणून. १९२१ साली तेच कायम झालं. पायात गोळे आलेल्या माणसाला ही माहिती देऊ नये.

पुढच्या जानेवारीत तुमचं कोणी धावत नसलं तरी पहाटेची लोकल पकडा आणि पेडर रोडच्या चढावर उभे राहा. संत्री घरूनच सोलून न्या. धावणाऱ्याला सोलायला सवड नसते. नावं वाचा आणि मोठ्याने घ्या. नऊनंतर तर अजिबात हलू नका. आणि काहीही म्हणा, पण 'थोडंच राहिलंय' म्हणू नका.