मजा आणि पगार

ज्या गावाचं नावच जाम, तिथल्या माणसाने पुढे जाण्याविषयी लिहावं, हा तसा आगाऊपणाच. पण आमचं जाम नावालाच जाम. बाकी सारखं पळत असतं. वर्धा जिल्ह्यातल्या या चौरस्त्यावरून ट्रक नागपूरला जातात, हैदराबादला जातात, चंद्रपूरला जातात. टपरीवर चहा घेताना मला वाटतं, या ड्रायव्हरची चैन आहे. फुकटात देश बघतो, वर पगार घेतो! तोच ड्रायव्हर बँकेत आला, की माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे असा बघतो की पंखाही ओशाळून हळू फिरतो. थोडक्यात काय, मजेची नोकरी नेहमी दुसऱ्याची असते.

यंदा हा प्रश्न घरातच आला. मुलगी दहावी झाली आणि चांगल्या मार्कांनी झाली. चांगल्या मार्कांचा तोटा असा, की सल्ला देणारे वाढतात. "पोरगी कोनत्या लाइनीत टाकून रायले भाऊ?" असं विचारून जो तो उत्तरही स्वतःच देऊ लागला. मुलगी मात्र एवढंच म्हणाली, "बाबा, मजाही येईल आणि पैसाही मिळेल, असं काम सांगा ना."

मी पडलो बी.कॉम. असल्या प्रश्नाची मी आधी खाती पाडतो. पहिलं, संयुक्त खातं. अजित वाडेकर स्टेट बँकेत नोकरीला होते आणि १९७१ साली वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्याच घरी हरवणाऱ्या संघाचे कर्णधारही तेच. पगार बँकेचा, मजा बॅटची! दुसरं, बदली केलेलं खातं. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. बँक सोडून सिनेमात गेले, तरी 'गोलमाल'मध्ये (१९७९) नोकरी हिशेबाचीच करावी लागली. तिसरी, मुदत ठेव. वसंतराव देशपांडे आपल्या विदर्भातलेच, मूर्तिजापूरचे. एवढा मोठा गवई, पण वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात आकडे लिहीत होता. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं आणि ठेव व्याजासकट हाती पडली.

"पण बाबा, हे तिघं मोठे होते," मुलगी म्हणाली. "आपल्यासारख्यांनी काय करायचं?"

मोठ्यांचं सोडा, पण एक गोष्ट त्यांनाही चुकली नाही. मजेचे पैसे कुणी देत नाही. चौकार बघायला लोक तिकीट काढतात. नेटमध्ये तोच फटका शंभरदा मारलेला बघायला कुणी जात नाही. नट एका शॉटसाठी तासन् तास ताटकळतो, गवई पहाटेपासून तोच पलटा घोटतो. पगार मिळतो तो या कंटाळ्याचा. मजा वर मिळते, भाजीवरच्या सांबारासारखी. (पुण्याकडे याला कोथिंबीर म्हणतात, आणि वर मिळत नाही असं ऐकतो.) तेव्हा काम निवडताना एवढंच विचारावं, यातला कंटाळा आपल्याला झेपेल का?

आमच्या मुलीला कोणता कंटाळा झेपतो, ते आम्ही पाहिलंय. मागच्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या भावाच्या शेतावरची मोटर जळली. मोटर रिवायंडिंगला नेली तेव्हा हीही काकाबरोबर गेली आणि दुकानात तीन तास बसून राहिली. मिस्त्री तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होता आणि ही मनातल्या मनात त्याचा हिशेब तपासत होती. जेवायचीसुद्धा आठवण नाही! घरी येऊन म्हणाली, "बाबा, तो एकदा चुकला होता. मी सांगितलं."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मोजण्याचा कंटाळा आमच्या घराण्यातच नाही. मी नोटा मोजतो, ही वेढे मोजेल. पैशाचं म्हणाल, तर गहू पाण्याला आला असताना मोटर जळलेला शेतकरी घासाघीस करत नाही. मिस्त्री सांगेल तो आकडा देतो, वर चहा पाजतो. माझ्या खिडकीवर मला आजवर कुणी चहा पाजलेला नाही.

"एवढे मार्क आणि आयटीआय?" असं आता सगळे विचारताहेत. तिच्या आईनेही दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मात्र घरचा बिघडलेला मिक्सर मुकाट्याने पोरीपुढे ठेवला.

फॉर्म भरायची शेवटची तारीख शनिवारी आहे. चौथा शनिवार आहे, म्हणजे बँकेला सुट्टी. मी सोबत जाणार आहे.