दोन बाजूंचा दाब

मेंदूतल्या धमनीवरच्या फुग्याच्या शस्त्रक्रियेसाठी भूल निवडायची म्हणजे शिरेतून प्रोपोफॉल की श्वासातून सेव्होफ्लुरेन, एवढेच ठरवायचे असते असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते ते दुसऱ्या क्रमांकाचे. आधी दाबाचा विचार. गडब-वडखळ पट्ट्यात ज्याने खारबंदिस्तीचा बांध राखला आहे त्याला हे लगेच पटेल: बांधावर ताण येतो तो दोन्ही बाजूंच्या पाण्यातल्या फरकाचा. फुग्याच्या पातळ भिंतीचेही तसेच, आतून रक्तदाब, बाहेरून कवटीतला दाब. घशात नळी घालताना किंवा डोके धरणाऱ्या चौकटीच्या पिना रुतताना भूल उथळ राहिली तर रक्तदाब उसळतो आणि फुगा फुटू शकतो. पण कवटी उघडण्याआधीच कमरेतून मेंदूजल झपाट्याने काढले, तर रक्तदाब जागच्या जागी असूनही तो फरक वाढतो. आणि भीतीपोटी रक्तदाब फार उतरवला, तर सुजलेला मेंदू रक्तावाचून उपाशी राहतो. एके काळी फुग्याभोवती काम चालू असताना रक्तदाब मुद्दाम उतरवत. आता मूळ धमनीला तात्पुरती क्लिप लावतात आणि तेवढी मिनिटे रक्तदाब किंचित चढा ठेवतात, म्हणजे शेजारच्या वाटांनी रक्त येत राहते.

यावर प्रोपोफॉलच्या बाजूचे लोक म्हणतील, सेव्होफ्लुरेनची मात्रा वाढली की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, प्रोपोफॉलने मेंदू सैल पडतो. खरे आहे. मेंदू फार ताणलेला असेल किंवा हातापायांकडे जाणारे विद्युतसंदेश तपासायचे असतील तर मीही प्रोपोफॉलच घेईन. मात्र त्यामुळे रुग्ण अधिक बरे होऊन घरी जातात, असे कोणत्याही मोठ्या चाचणीने दाखवलेले नाही. प्रयोगशाळेतला तर्क खाटेपर्यंत पोचतोच असे नसते. शरीर ३३ अंशांपर्यंत थंड केले की मेंदू वाचेल, ही आशा प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आली होती. २००५मध्ये १००१ रुग्णांच्या चाचणीत तिचा लाभ दिसला नाही. कवटी न उघडता धमनीतून फुग्यात कॉइल भरता येते, त्यामुळे हा प्रश्न मिटला, असेही कुणी म्हणेल. २००२च्या २१४३ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण कॉइलच्या गटात २३.७ टक्के, कवटी उघडून फुग्याला क्लिप लावलेल्यांच्या गटात ३०.६ टक्के होते, हे मोलाचेच. पण तिथे कवटी उघडत नाहीत इतकेच. दाबाचे गणित तेच राहते, वर रक्त पातळ करणारे हेपॅरिन असते.

मग रक्तदाबाचा एक आकडा ठरवून टाका, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी २०१२मध्ये वरचा दाब १६०च्या खाली ठेवावा असे म्हटले होते. २०२३मध्ये ठरावीक आकडा सोडून दिला आणि तीव्र चढउतार टाळण्यावर भर दिला. वर्षानुवर्षे १७० दाबावर वावरलेल्याला १२० म्हणजे उपासमार. म्हणून भुलेची निवड शस्त्रक्रियागृहात नव्हे, पेणच्या किंवा अलिबागच्या पहिल्या खाटेवर सुरू होते. एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक, आणि शस्त्रक्रियेसाठी मुंबई-गोवा महामार्गावरून पनवेलकडे जाण्याचा प्रवास त्यातच येतो. निघण्यापूर्वी वेदनाशामक आणि उलटीचे औषध दिलेले असावे. चिठ्ठीत रुग्णाचा एरवीचा रक्तदाब, वेळेसह प्रत्येक नोंद, आणि निमोडिपीन हे औषध सुरू केले असल्यास शेवटची मात्रा कधी दिली हे लिहावे, कारण तेही दाब उतरवते.