पांढरी बादली

लीड्समध्ये शिकायला गेलेल्या साताऱ्याच्या एका मुलाला कबाबच्या दुकानात संध्याकाळचं काम मिळालं आणि मेयॉनीजची रिकामी बादली फुकटात हाती लागली. दहा लिटरची, घट्ट झाकणाची, खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्लॅस्टिकची. घरी बिअर आंबवायला नेमकं असंच भांडं लागतं. लोणच्याची बादली मात्र त्यानं घेतली नसती. व्हिनेगरचा वास प्लॅस्टिकमध्ये मुरला की सहसा जात नाही.

ब्रिटनमध्ये १८८० पासून घरगुती बिअरलाही परवाना लागायचा. १९६३च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली आणि कामगारवस्त्यांतल्या स्वयंपाकघरांत हा छंद उघडपणे करता येऊ लागला. आजही स्वतःपुरती बनवली तर कर नाही. विकायची मात्र नाही. अमेरिकेत घरच्या बिअरला मुभा मिळायला १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची सही व्हावी लागली. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आड येतो, म्हणून साताऱ्याच्या घरी त्यानं हा उद्योग कधीच केला नाही.

तयार माल्ट-काढ्याचे डबे सहसा तेवीस लिटर बिअरसाठी असतात. दहा लिटरच्या बादलीला ते झेपणारे नव्हते, आणि त्याच्या खिशालाही. त्यानं किलोभर भरडलेलं जवाचं माल्ट आणलं, थोडे हॉप्स, यीस्टची एक पुडी. आईनं चक्का टांगायला दिलेलं मलमलचं फडकं सामानात होतंच. माल्ट त्यात बांधून मोठ्या पातेल्यातल्या ६७ अंशांच्या पाण्यात सोडलं, पातेलं रजईत गुंडाळलं आणि तासभर हात लावला नाही. तेवढ्या वेळात धान्यातली विकरं पिष्टाची साखर करतात. पाणी फार तापलं तर हीच विकरं निकामी होतात; म्हणून पहिला पैसा थर्मामीटरवर खर्च करावा, चकचकीत भांड्यांवर नव्हे.

गाठोडं उचलून निथळू दिलं. उरलेला चोथा वाळवून थालीपिठाच्या भाजणीत गेला आणि खमंग लागला. गोड पाणी हॉप्स घालून तासभर उकळलं, पातेलं थंड पाण्याच्या सिंकमध्ये बसवलं आणि पुरेसं निवल्यावर बादलीत ओतून यीस्ट पेरलं. उकळीनंतर या पाण्याला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं: बादली, झाकण, चमचा, नळी. बिअर नासते ती बहुधा इथेच, आणि इथली काटकसर महागात पडते.

जिन्याखालच्या कपाटात १९ अंशांच्या आसपास बादली ठेवली. झाकण एका बाजूनं किंचित सैल, म्हणजे वायूला वाट मिळते. दुसऱ्या दिवशी वर तपकिरी फेसाची साय चढली होती आणि कपाट उघडताच पावाच्या ताज्या कणकेसारखा वास आला. पुढे घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०४५ वरून १.०१० पर्यंत उतरला, म्हणजे अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या थोडं वर. मग सोड्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या. अर्ध्या लिटरला अर्धा चमचा साखर घातली की आत वायू धरतो. बाटली दाबून पाहिली की तो किती धरलाय ते कळतं. काच फुटण्याचा धोकाही टळतो.

नोकरी लागली, लग्न झालं, घर बदललं. बादली सोबत राहिली. तिला त्यानं तारेची घासणी कधी लागू दिली नाही. तरी प्लॅस्टिकला ओरखडे पडतातच, आणि त्यांत जंतू दडी मारतात. तेव्हा आंबवण्याच्या कामातून तिला मोकळं केलं. आता तिच्यात निर्जंतुक करणारं द्रावण असतं आणि बाटल्या बुडतात.

विल्को या स्वस्त दुकानांच्या साखळीत साध्या माणसाला बादल्या आणि यीस्ट सहज मिळायचं. २०२३मध्ये ती दुकानं बंद पडली, याचं त्याला मनापासून वाईट वाटतं. छंद सोडलेल्या लोकांचं जुनं सामान मात्र अजून कवडीमोलानं मिळतं. अलीकडेच त्यानं तसं तोटीचं मोठं पिंप आणलं. तोटी सुटी करून धुतल्यावर तिच्या आट्यांमध्ये जुना चिकट थर सापडला, म्हणून आधी ती बदलायची आणि मगच गडद पोर्टर बिअर लावायची, असं ठरलंय.