गरजेपुरता वारा



आमच्या घरातला कॉम्प्युटर जुना आहे. पाठशाळेचा जमाखर्च आणि पावत्या त्याच्यावरच असतात. त्याच्या कॅबिनेटचा मागचा पंखा मात्र मशीन सुरू केल्यापासून बंद होईपर्यंत एकाच वेगाने घोंघावायचा. सामायिकाला बसलेल्या माणसाला तो आवाज शेजारच्या खोलीतही जाणवे. पण मला आवाजापेक्षा दुसरंच टोचत होतं.

रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातली प्रमादचर्या म्हणजे माती, पाणी, अग्नी, वारा यांचा विनाकारण आरंभ. आपण पाणी गाळतो, नळ जपून सोडतो. वाऱ्याचा हिशेब मात्र राहून जातो. थंडीतल्या सकाळी दोन पावत्या लिहायला पंखा पूर्ण वेगाने कशाला?

पण पंखा बंद करूनही चालणार नव्हतं. आतली हवा कोंडून मशीन तापलं, बिघडलं, तर हिशेब अडतील आणि एक चालती वस्तू भंगारात जाईल. तीही हानीच.

नातू इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय. तो म्हणाला, "आजी, विकत मिळतो की कंट्रोलर." मी म्हटलं, "घरी होत असेल तर घरीच करू." मग आम्ही एलएम ३१७ नावाची तीन पायांची आयसी, २२० आणि ६८० ओहमचे दोन रेझिस्टर आणि रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा एक किलोओहमचा फिरता रेझिस्टर आणला. सोल्डरिंग त्याने केलं, गुणाकार-भागाकार मी.

बटण पूर्ण खाली केलं तरी ६८० च्या रेझिस्टरमुळे पंख्याला सुमारे ५ व्होल्ट मिळतातच. त्याहून कमी मिळाले तर पंखा सुरूच न होण्याची भीती. पूर्ण वर केलं तर १० च्या आसपास, कारण १२ पैकी दोनेक व्होल्ट आयसी स्वतःला ठेवून घेते. आयसी तापते, म्हणून तिला ॲल्युमिनियमची पट्टी लावली. तिच्या पाठीचा धातू आउटपुटला जोडलेला असतो, तेव्हा ती पट्टी कॅबिनेटला टेकू द्यायची नाही. प्रोसेसरवरच्या पंख्याला आम्ही हात लावला नाही.

मी कॉमर्सची, त्यामुळे बचतही मांडून पाहिली. पंख्यावर १२ व्होल्ट, ०.२० ॲम्पियर लिहिलंय, म्हणजे २.४ वॅट. ७ व्होल्टवर तो ०.१२ ॲम्पियर घेतो, पण उरलेले ५ व्होल्ट आयसीत उष्णता होऊन जातात. वाचतो तो जेमतेम एक वॅट. रोज चार तास धरले तर वर्षाला दीड युनिटही नाही. पैशाच्या खात्यात ही बचत नगण्यच.

जयणेच्या खात्यात मात्र ती जमा होते. वारा कमी, धूळ कमी ओढली जाते, सामायिक शांत होतं. पंधरा दिवस मी मशीनचं तापमान वहीत लिहिलं. ७ व्होल्टवर ते पूर्वीपेक्षा चारच अंशांनी वाढलं. मे महिन्याच्या दुपारी बटण वर करायचं, हे ठरलेलं आहे.

संयम म्हणजे नुसतं कमी करत जाणं नव्हे. त्याला खालचीही मर्यादा असते, आणि ती मोजल्याशिवाय कळत नाही. गॅसची ज्योत, गिझर, छतावरचा पंखा, एकदा मोजून पाहा. गरज किती आणि सवय किती, हे लगेच वेगळं होतं.