आधी कंबर, मग हात

आम्ही चौघी मोमिनपुऱ्यातल्या. घरी बोली उर्दूमिश्रित हिंदी, शाळा मात्र मराठी माध्यमाची. १९८६ साली आम्ही आठवीत असताना शाळेत सॉफ्टबॉल आला. मोहल्ल्यात खेळ म्हणजे क्रिकेट. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंनी १९२६ साली मुंबईत एम. सी. सी.च्या गोलंदाजांना अकरा षटकार ठोकून १५३ धावा काढल्या होत्या, ते आमच्या दादाजानांनाही तोंडपाठ. पण तो खेळ पोरांचा. आमच्या वाट्याला आला तो हा गोल दांड्याचा खेळ. १८८७ साली शिकागोत, एका बंद दालनात बॉक्सिंगचा हातमोजा बांधून तो काठीने टोलवता टोलवता जन्मलेला.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्याच नुसत्या हातांनी मारत होतो. दांडा डोक्यावरून खाली येई आणि चेंडू पायाशीच लोळे. खेळाच्या बाई म्हणाल्या, "पोरींनो, तुम्ही धुणं आपटताय."

मग त्यांनी कडुनिंबाच्या फांदीला जुन्या मोज्यात घातलेला चेंडू टांगला आणि मारणं पायापासून शिकवलं. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल. चेंडू येण्याआधी भार मागच्या पायावर घ्यायचा, जणू मागे रेलतोय. मग पुढचा पाय अलगद, लहानसा टाकायचा. त्याची टाच जमिनीला टेकली की तो पाय खांबासारखा रोवायचा. मागचा पाय चवड्यावर फिरवायचा, विडी विझवतात तसा. त्याबरोबर कंबर वळते, कंबरेमागून छाती, छातीमागून खांदे, मग हात, आणि सगळ्यांत शेवटी दांडा. हात अंगाजवळून आणायचे, आधीच लांब फेकायचे नाहीत. चेंडू लागेल त्या क्षणी एक तळवा आकाशाकडे, दुसरा जमिनीकडे. मनगटं वळायची ती त्यानंतर. आणि डोकं मुळीच हलवायचं नाही. ओला कपडा झटकताना आपल्या मुठीतलं टोक आधी थांबतं आणि फटकारा दुसऱ्या टोकाला बसतो, तसंच हे.

"कंबर आधी फिरव, हात आपोआप येतील," असं त्या दिवसातून शंभरदा म्हणत. ताशी पंचाण्णव किलोमीटरने आलेल्या चेंडूला फेकणारीपासून आपल्यापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात विचार करायला सवड नसते. जे अंगात मुरलं असेल तेच बाहेर येतं.

आणि आमच्या अंगात मुरलं होतं ते भलतंच. खांदे आवळून चाल. नजर खाली ठेव. कंबर हलवत चालू नकोस. पाय जवळ घेऊन बस. बाई सांगत ती प्रत्येक गोष्ट घरी शिकवलेल्या गोष्टीच्या उलट होती. हे फक्त आमच्याच घरांत होतं असं कुणी समजू नये. संघातल्या कोष्ट्यांच्या आणि ब्राह्मणांच्या मुलीही तशाच अवघडून उभ्या राहत. त्यामुळे आमचे कित्येक महिने मारायला शिकण्यात कमी आणि अंग सैल सोडण्यात जास्त गेले.

आमच्यातल्या एकीला ते सर्वांत आधी जमलं. तिचे अब्बा हातमागावर लुगडी विणत. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हाताने दोरी ओढून धोटा पळवायचा. एकदा ती अंगणात काठी फिरवत होती. आम्हांला वाटलं, आता ओरडा बसणार. ते मागावरून उठलेही नाहीत. म्हणाले, "बेटी, जोर पाँव में रख. हाथ तो बस रास्ता दिखाता है." बाई जे महिनाभर सांगत होत्या ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. तिचा टोला त्यानंतर असा जाई की मैदानाच्या कडेला सायकल धरून उभी असलेली पोरंही गप्प होत.

दहावीनंतर तिचं लग्न ठरलं. माग बंद पडत चालले होते, घरात पाठच्या तीन बहिणी होत्या, स्थळ चांगलं होतं. कारणं सगळी खरी होती. आम्ही तिघी निकाहाला गेलो, मेंदी काढली, जेवलो. ज्या अब्बांनी तिला पायात जोर ठेवायला सांगितलं होतं, त्यांच्यासमोर जाऊन 'तिला खेळू द्या, शिकू द्या' एवढं म्हणायला आमच्यापैकी एकीचीही जीभ उचलली नाही. बाईंनी विचारलं, "ती का येत नाही?" आम्ही सांगितलं, "तिला बरं नाही." त्यांनी तीनदा विचारलं आणि आम्ही तीनदा तेच सांगितलं.

१९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये मुलींचा सॉफ्टबॉल पहिल्यांदा आला. ती बातमी वाचून आम्ही एकमेकींना काहीच बोललो नाही.

मागच्या हिवाळ्यात तिच्या घरी जमलो होतो. तिची नात शाळेच्या संघात आहे. "नानी, माझा चेंडू लांब जातच नाही," म्हणून रडकुंडीला आली होती. हिने हातातलं पीठ पुसलं, ओढणी कमरेला खोचली आणि न्हाणीतली मोगरी उचलून अंगणात उभी राहिली. उजवा गुडघा आता धरतो, त्यामुळे पाय पुरता फिरला नाही. पण क्रम तोच होता. टाच, गुडघा, कंबर, खांदे, हात. अडतीस वर्षांत एकही गोष्ट पुढेमागे झाली नव्हती. नात म्हणाली, "तुला कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "अब्बाने."

तेव्हा आम्ही तिला बाईंशी बोललेलं खोटं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मालूम था. बाई घर आई थी." बाई तिच्या घरी जाऊन आल्या होत्या, तिच्या अब्बांशी बोलल्या होत्या. त्यांचंही चाललं नाही. पण निदान त्या गेल्या होत्या.

नातीचा सामना आला की आता आम्ही चौघी मैदानाच्या कडेला जाऊन बसतो. येती दोन वर्षं संपली की तिचीही दहावी होईल. तेव्हा घरात बोलणी निघाली, तर त्या दिवशी मेंदी काढायला नव्हे, बोलायला जायचं, असं आम्ही ठरवलं आहे.