एक कार्ड, दोन चुली

रमजानच्या आधी पंधरा दिवस आमची नेहमीची धावपळ सुरू होते. मोहल्ल्यातल्या गरजू घरांची यादी काढायची, जकातीचे पैसे जमवायचे, तांदूळ, डाळ, तेल, शेवया, खजूर यांच्या पिशव्या भरायच्या. बरीच वर्षं आम्ही चार-पाच जण हे काम करतो. गेल्या खेपेला आमच्यातल्याच एकानं विचारलं, "ही पिशवी महिनाभर पुरेल. उरलेले अकरा महिने ही म्हातारी माणसं काय खातात?" प्रश्न साधा होता, उत्तर आमच्यापैकी कुणाकडंच नव्हतं. म्हणून ठरवलं, या वेळी साठीच्या पुढच्या प्रत्येकाचं रेशनकार्ड बघायचं. धान्याला कोण पात्र आहे, कोणाला मिळतं, कोणाला का मिळत नाही, हे वहीत लिहायचं.

आधी आम्हालाच नियम शिकावे लागले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दोन यादी आहेत. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला घराला मिळून ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. अंत्योदय योजना डिसेंबर २००० मधली. २००३ मध्ये ती वाढवली, तेव्हा विधवा, अपंग, आणि साठीच्या पुढचे, ज्यांना उत्पन्नाचा किंवा माणसांचा आधार नाही, असे कुटुंबप्रमुख त्यात घ्यावेत असं ठरलं. प्राधान्य यादीसाठी राज्यानं शहरी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५९ हजार रुपये ठेवली. महिन्याचे पाच हजारसुद्धा होत नाहीत.

कोल्हापूरला हे नवं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली होती. भुकेल्यापर्यंत धान्य न्यायचं हे राज्यकर्त्याचं काम, हे या शहरानं सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

वही भरू लागली. कुणाचं कार्ड २०१९ च्या महापुरात भिजून लगदा झालेलं. एका चाचांची आख्खी हयात फाउंड्रीत गेली. बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्यात, दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही. त्यांच्या नातवाचं नाव कार्डात आहे, तो अंगठा लावतो आणि धान्य मिळतं. घरातल्या कुणाही एकाचा अंगठा चालतो, हे त्या घरानं आपलं आपणच शोधून काढलं होतं.

पण आम्हाला अडवलं ते एका खालांच्या कार्डानं. वय सत्तरीच्या पुढं. नवरा गेल्यावर गाद्या भरून, गोधड्या शिवून त्यांनी मुलगा वाढवला. मुलगा आता टेंपो चालवतो, बायको-मुलांसह शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं राहतो. खाला जुन्या खोलीत एकट्या. चूल चार वर्षांपासून वेगळी, कार्ड मात्र एकच. त्यात मुलाचं उत्पन्न धरलेलं, म्हणून कुटुंब मर्यादेच्या बाहेर आणि कार्डावर धान्य नाही. कागदावर खाला कमावत्या घरातल्या. प्रत्यक्षात त्या दुपारी चहा-पाव खाऊन राहतात. मुलगा जमेल तसे पैसे देतो. दर महिन्याला जमतंच असं नाही.

आम्हाला वाटलं, उपाय सोपा आहे. त्यांचं नाव कमी करून वेगळं कार्ड काढायचं. आम्ही फॉर्म घेऊन गेलो. खालांनी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीतून काढलं, पदरानं पुसलं आणि परत आत ठेवलं.

"नक्को बेटा, मेरा नाम मत निकालो. इसमेंसे नाम गया तो मैं उसकी कौन?"

आम्ही गप्प झालो. २०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कागदांची चर्चा घराघरात होती, तेव्हा याच खालांनी ही पिशवी उशाखाली ठेवली होती. त्यांच्या लेखी ते धान्याचं पुस्तक नव्हतंच. आपण कुणाच्या तरी आहोत, याचा तो एवढाच लेखी पुरावा होता. महिन्याच्या धान्यासाठी आम्ही त्यांना तो खोडायला सांगत होतो.

घरी येऊन आम्ही पुष्कळ वाद घातला. जकातीचा हिशेब माणसागणिक होतो. ज्याच्याकडं निसाब नाही, तो घेऊ शकतो. मुलगा कमावता आहे म्हणून म्हाताऱ्या आईची जकात थांबत नाही. मुलाला मात्र स्वतःची जकात आईला देता येत नाही, कारण तिला पोसणं हे त्याचं फर्जच आहे. सरकार घराचा हिशेब करतं. त्या हिशेबात मुलगा आईला पोसतो असं गृहीतच धरलेलं असतं. आपल्या राज्यात निराधार वृद्धांच्या पेन्शनचं नावसुद्धा श्रावणबाळ आहे. पण कावडच रिकामी असेल तर तिचा खांद्यावरचा भार कोण विचारणार?

कायदा पुन्हा वाचताना कलम १३ वर नजर थांबली. रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील स्त्री हीच कुटुंबप्रमुख. म्हणजे त्या कार्डावर पहिलं नाव खालांचंच हवं. मग खालांचं नाव कशाला कमी करायचं? मुलाच्या कुटुंबानं आपली नावं काढून वेगळं कार्ड करावं. जुनं कार्ड, जुनी खोली आणि कार्डावरचं पहिलं नाव खालांकडंच राहील.

मुलाकडं गेलो ते भीतभीतच. त्याला वाटलं, आम्ही जाब विचारायला आलोय. आम्ही फक्त कलम वाचून दाखवलं. तो बराच वेळ जमिनीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अम्मीचं कार्ड अम्मीकडंच राहू दे. आम्ही निघतो त्यातून." दुसऱ्या दिवशी भाडं सोडून तो आमच्यासोबत अर्ज द्यायला आला. परत जाताना आईच्या खोलीवर थांबला, जेवूनच गेला.

धान्य अजून सुरू झालेलं नाही. राज्याच्या शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्क्यांनाच या कायद्यात घेता येतं, आणि तो आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. यादीत जागा झाली तर नवं नाव लागेल. पात्र ठरणं आणि ताटात पडणं यांत एवढं अंतर आहे. तोवर खालांची पिशवी दर महिन्याला द्यायची, एकट्या रमजानला नाही, असं आम्ही ठरवलंय.

वहीत आता एक रकाना वाढवलाय. कार्डात किती नावं, हे आम्ही पूर्वीसारखं विचारतोच. त्याच्या शेजारी लिहितो: चुली किती?